बाजेखालची धुरी

माघाच्या अखेरीस वसमतच्या भोवतालच्या रानांत हळद शिजू लागली, की गावावर एक ओलसर, पिवळट वाफ दिवसभर तरंगत राहते. उन्हाचा रंग मातकट होतो, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत हळदीच्या वासाने जड होतात, आणि कुठला धूर कोणाच्या शेतातला हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या गयाआत्याचा धूर नेमका त्याच दिवसांत निघायचा. परसातल्या पत्र्याच्या खोपीच्या फटींतून तो असा बाहेर पडे, की आपण निघालो आहोत हे कुणाला कळू नये: निळसर, पातळ, जमिनीशी सलगी करत सरकणारा. आणि त्याच्या मागोमाग आत्या येई, पदराने डोळे टिपत, पांढऱ्या केसांत राखेचे चार कण घेऊन. डोळे रडून आल्यासारखे लाल आणि तोंड मात्र हसरं. इतके प्रसन्न रडके डोळे मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा नवरा फौजेत होता, आणि लग्नानंतरची काही वर्षं ती त्याच्याबरोबर थेट नागा टेकड्यांत राहून आली होती. आमच्या सपाट, काळ्या रानात वाढलेल्या बाईने त्या उंचीवर काय काय पाहिलं असेल, हे तिच्या तोंडून नीटसं कधी आलं नाही; वर्णन करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिथल्या ढगांविषयी विचारलं तर म्हणायची, "घरात येत व्हते, बसून जात व्हते." पण चुलीविषयी विचारलं की तिचे हात बोलू लागत. शेजारणीच्या चुलीवर बांबूचा मांडव असे, त्यावर डुकराचं मांस कितीतरी दिवस टांगलेलं असे, आणि खाली रोजचा स्वयंपाक निवांत चाललेला असे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून सगळं शिक्षण बोटांनीच झालं. पट्ट्या बोटभर जाड, हातभर लांब. चरबी काढायची नाही. जाळ नको, नुसता धूर. हे सांगताना आत्या हवेतच मांस कापायची, हवेतच टांगायची, आणि मग वर पाहत राहायची. वर आमच्या भाड्याच्या घराचा पत्रा असायचा.

घाटात गाडी कोसळून नवरा गेला आणि आत्या एक लोखंडी पेटी घेऊन भावाकडे आली. आमच्या घरात तिला मान होता, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आई तिला वन्सं म्हणायची, तिला विचारल्याशिवाय लोणच्याला हात लावायची नाही, सणाला पहिली साडी तिच्यासाठीच यायची. तरीही स्वयंपाकघर आईचं होतं. आत्या पोळ्या लाटायची, भाजी निवडायची, पण कोणती भाजी हे ठरवायची नाही. त्या डोंगरात तिला स्वतःचं दार होतं. ती ते आपल्या हाताने लावायची आणि आपल्या हाताने उघडायची. आमच्याकडे तिची ती मागची खोली. तिला दार नव्हतं, पडदा होता, आणि तो वाऱ्याने हवा तेव्हा हलायचा. ती बसली तरी भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवून बसायची. अंग चोरणं म्हणतात ते काय असतं, हे मी आत्याकडे पाहून शिकले.

घर भाड्याचं होतं आणि घरमालकीण समोरच राहायची. तिला आम्ही मालकीणबाई म्हणायचो. धिप्पाड बांधा, गळ्यात तुळशीची माळ, आवाज रानातून हाक मारायच्या सवयीचा. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक; भिंतीवर बुद्धाची तसबीर लावणाऱ्या माणसाला त्या गल्लीत घर सहज मिळालं नव्हतं. मालकीणबाईंनी दिलं, आणि एकच अट घातली: "घरात मांसमच्छी शिजायची न्हाई. एवढं सोडलं तर घर तुमचंच हाय." वडिलांनी ती अट आनंदाने मान्य केली. त्यांना स्वतःला डुकराच्या मांसाचा तिटकारा होता. खरं तर मांसाचा नव्हे, त्या मांसावरून लहानपणी ऐकलेल्या शब्दांचा. ते शब्द मागे टाकण्यासाठी माणूस शिकला, नोकरीला लागला, इस्त्रीचे कपडे घालू लागला. आणि त्याची थोरली बहीण वर्षातून एकदा, त्याच्याच परसात, ते मांस टांगत होती. त्यांना कळत नव्हतं असं नाही. वडिलांना नाक होतं. फक्त त्या दिवसांत ते नाक आगारात ठेवून घरी येत.

आत्याचा बेत हळदीच्या हंगामावर बांधलेला होता. सगळं गाव धुरात असताना एका खोपीचा धूर कोण मोजतो? ती नाल्यापलीकडच्या वडारवाडीत जाई, स्टीलच्या डब्यात मांस घेई, वर मेथीची जुडी ठेवून पिशवी हलवत येई. मग पाट्यावर ओली हळद, आलं, लसूण, लाल मिरची रगडली जाई. तिकडे बांबूच्या कोंबांचा आंबटपणा असायचा. इथे तिने त्याच्या जागी आंबाडी आणली होती, आणि ती वाटताना तिच्या कपाळावर दरवर्षी एक आठी पडायची, कारण ते तसं लागत नाही हे तिला ठाऊक होतं. पट्ट्यांना मीठ आणि हा मसाला चोळताना तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होत. चोळून झालं की चिनी मातीच्या बरणीत एकावर एक दाबून वर नदीतला गोटा. आत्याची ती मागची खोली त्या दिवसांत तिखट, आंबूस, जिवंत वासाने भरून जायची, आणि पडदा दिवसभर ओढलेला असायचा.

मुरलं, की बाज. खोपीत मालकीणबाईंचा जुना कडबा आणि गवऱ्या असायच्या, एका कोपऱ्यात सुंभाने विणलेली मोडकी बाज. आत्या ती विटांवर उंच मांडायची, खाली तार ताणून तीवर पट्ट्या टांगायची, जमिनीवर घमेल्यात बाभळीचे निखारे, त्यावर ओलसर तुराट्या आणि हळदीचा वाळका पाला. बाजेवर एक गोधडी अंथरलेली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गोधड्या सोडलेल्या. आत उष्ण, मंद काळोख. आणि मांसाचा वास दबावा म्हणून ती मधूनमधून त्या निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकायची. हा ओवा तिच्या डोंगरातला नव्हता. तो इथला होता, भीतीचा होता. शेजारी वास जाऊ नये, एवढ्याचसाठी होता.

पण आमच्या भागात वाढलेल्या कोणत्याही बाईला विचारा: विटांवर उंच केलेली बाज, खाली निखारे, वर गोधड्या, आणि ओव्याचा धूर, म्हणजे काय? घरात बाळंतीण आहे. बाजेवर तिला निजवून खालून शेक द्यायचा, धुरी द्यायची. त्या वासाला दुसरा अर्थच नाही. गल्लीतल्या कितीतरी बायकांना आत्याने स्वतः अशी धुरी दिली होती, ओलं बाळ उलटं करून शेकलं होतं. माणसाला सोसेल तेवढीच धग कशी ठेवायची हे ती त्या बाळंतिणींच्या बाजेपाशीच शिकली आणि तेच तिने मांसाला लावलं. लपवायला म्हणून तिने जो वास निवडला, तो सगळ्या गल्लीला तोंडपाठ असलेला वास निघाला. इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही, कारण आमच्या घरात पोटुशी राहण्याजोगं कुणी नव्हतं.

त्या वर्षी मी होते. नांदेडला कॉलेजात शिकत होते, कांजिण्या उठल्या म्हणून परत आले. ओढणीने तोंड झाकून, सैल गाऊनमध्ये, रिक्षातून उतरताच दारातल्या नालीत ओकले, आणि आत गेले ती बरेच दिवस बाहेर आलेच नाही. कांजिण्या म्हटल्या की शेजारीपाजारी लिंबाचा पाला आणि नवस घेऊन दारात येणार. वडिलांना ते नको होतं. म्हणून त्यांनी सांगितलं, कुणाला काही बोलायचं नाही. झालं. एका घरात आता दोन गोष्टी झाकलेल्या होत्या. मी आत्याच्या खोलीत, लिंबाच्या पाल्याऐवजी औषधाचा गुलाबी लेप फासून, खिडकीच्या जाळीतून खोपीकडे बघत पडून असे. बाहेर धूर, आत खाज. आत्या खोपीत कोंडलेली, मी खोलीत, आणि पट्ट्या गोधडीखाली; तिघांनाही वारा लागू द्यायचा नव्हता.

परसाची भिंत विटेची असली तरी आवाजाला पातळ होती, आणि पलीकडे शेजार होता. आत्याला सवय होती कामाशी बोलायची, आणि त्या दिवसांत ती आईला खोपीतून काय काय सांगायची ते आठवलं की मला आजही हसू येतं. "लई कवळं हाय गं यंदाचं." "आंग कोरडं झालं न्हाई अजून." "झाका, झाका, वारं लागू देऊ नका." "उलटं करा जरा, पाठ शेकली." "काल हळद चोळली तवा कसं गुबगुबीत व्हतं." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एकही वाक्य लेकराला लागू पडणार नाही असंही नव्हतं.

एका दुपारी मालकीणबाई आमच्याकडे आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि डब्यावर घडी घातलेलं एक झबलं आणि टोपडं; पांढऱ्या मलमलीचं, हाताने शिवलेलं, काठाला हिरवा दोरा. त्यांनी दार आपणच लोटून घेतलं. मग त्यांचा तो रानातला आवाज इतका खाली आला, की मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. "सुजाच्या आई, झाकून किती दिस ठिवनार? कोनाचं का असंना, लेकरू ते लेकरूच असतंय. गल्ली बोलून राहिली तर बोलू द्या. मी हाय ना तुमच्या पाठीशी."

आईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती खाली बसली. "कसलं लेकरू, मालकीणबाई? कांजिण्या हायेत हो पोरीला." आणि माझा हात धरून मला पडद्याबाहेर ओढलं. मालकीणबाईंनी माझे फोड मायेने न्याहाळले. "उष्णता असतीच," त्या म्हणाल्या, "बाळातपनात आंगावर उठतंच." मी ओरडून सांगायला हवं होतं असं आज वाचणाऱ्याला वाटेल. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी खरी करुणा होती, की तिच्यासमोर माझं खरं बोलणंही निर्ढावल्यासारखं वाटलं असतं. आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "कांजिण्याच असतील तर मंग बाज कोनासाठी मांडली?"

त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. बाळंतिणीसाठी म्हणावं, तर माझी अब्रू गेली. उद्या कॉलेज नाही, परवा कुणी दारात येणार नाही, वडील आगारात मान वर करून उभे राहणार नाहीत. डुकरासाठी म्हणावं, तर घर गेलं. आणि घरासोबत ते सगळे शब्द पुन्हा गल्लीच्या तोंडी, ज्यांच्यापासून पळत वडील इथवर आले होते. आईने माझा हात अजून सोडला नव्हता. मला त्या क्षणी घराच्या भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटल्या. मालकीणबाईंची माया दारात उभी होती आणि सुटायला दुसरं दार दिसत नव्हतं.

"माझ्यासाठी मांडली," आत्या म्हणाली. ती परसदारात उभी होती, डोळे लाल, हात पिवळे. "कंबर धरली माझी. ह्या दिसांत दरसाल धरती. शेक घेतल्याबिगर उठता येत न्हाई."

"मंग सांगायचं न्हाई का?" मालकीणबाईंनी डबा खाली ठेवला. "अशा येकल्याच काहून शेकून राहिल्या? चला. मी शेकते तुमाला."

आत्या खोपीकडे चालू लागली. चार पावलं ताठ गेली, मग आठवलं तसा तिने कमरेला हात लावला. मी परत खोलीत जाऊन जाळीला नाक लावून पाहत होते, आणि मला हसू आलं नाही. खोपीचं दार उघडंच राहिलं; आत जाऊन तिने पदर खोचला आणि ती बाजेवर चढली. सुंभ करकरला. तिच्या पाठीखाली वीतभर अंतरावर तिच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. सुंभ झोळीसारखा खाली आला असता तर त्या थेट निखाऱ्यांवर टेकल्या असत्या. म्हणून ती निजली, पण टेकली नाही. कोपरांवर, टाचांवर आपलं वजन तोलून, पोट आत ओढून, श्वासही बेताने घेत. जन्मभर भावाच्या घरात अंग चोरून राहिलेल्या बाईला ते जमलं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मालकीणबाई शेजारी पाटावर बसल्या. त्यांच्या रुंद, कष्टाच्या हातांनी आत्याची कंबर दाबू लागल्या, आणि एकीकडे हळदीच्या भावाचं, सुनेच्या आळसाचं, ऊस तोडणाऱ्या टोळीचं काय काय बोलत राहिल्या. त्या दाबायच्या, आत्या वर उचलून धरायची. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानात गेला तरी तिने पुसला नाही. दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मग खालून आवाज आला, चर्र. चरबीचा एक थेंब निखाऱ्यावर पडला असावा. मालकीणबाईंचं बोलणं थांबलं.

"ववा टाकावा म्हनते जरासा," त्या म्हणाल्या, आणि बाजूच्या वाटीतून मूठ भरून त्यांनी गोधडीची कड उचलून हात आत घातला. तो हात आत गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ ते मला माहीत नाही. आत्याने डोळे मिटून घेतले. मग गोधडीखालून ओव्याचा दाट, पांढरा लोट बाहेर आला. मालकीणबाईंनी हात बाहेर काढला, दुसरी मूठ भरली, तीही आत टाकली. गोधडीची कड नीट खाली सोडून, तिच्यावर एक वीट ठेवली. त्यानंतर त्यांनी कंबर दाबली नाही. नुसत्या बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. जाताना परसातल्या नळाखाली त्यांनी ते हात बराच वेळ धुतले, मातीने घासून धुतले, आणि झबलं-टोपडं परत न नेता निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं, की गयाबाईची कंबर गेली आहे आणि पोरीला कांजिण्या आहेत. मालकीणबाईंनी ते त्यांच्या जुन्या आवाजात, चार घरांपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं होतं. माझी अब्रू वाचली. घर वाचलं. त्या वर्षीच्या पट्ट्या उतरल्या तेव्हा त्या गडद, तांबूस काळ्या झाल्या होत्या, आणि आत्याच्या कोपरांवर सुंभाची नक्षी उमटली होती. पथ्य असूनही तिने मला एक तुकडा दिला. "यंदाचं लई मुरलं," ती म्हणाली. "माझंच वजन व्हतं ना वरून." आम्ही दोघी हसलो. ते तिचं शेवटचं मांस होतं हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

कारण पुढच्या माघात, हळद शिजू लागताच, मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "यंदा धुरी कवा घेता, गयाबाई?" आणि त्यांच्या मागे गल्लीतल्या दोघीतिघी, गुडघे धरून, पाठ धरून उभ्या होत्या. खोटं एकदा बोललं की ते दरवर्षी जेवायला येतं. आत्याने बाज मांडली. खाली तार ताणली नाही. वर ती स्वतः निजली, मग एकेक करून बाकीच्या; निखारे, तुराट्या, ओवा, सगळं तसंच, फक्त मधलं काढून घेतलेलं. त्यानंतर दर हंगामात हे झालं. ती गल्लीची धुरीवाली झाली, बायका लांबून येऊ लागल्या, तिच्या हाताला गुण आहे असं बोलू लागल्या. आणि दुपारभर खोपीत हसणं-खिदळणं चाले. आत्या त्यात कधी हसे, कधी नाही. बायका उठून गेल्यावर ती रिकाम्या बाजेखाली वाकून पाहायची, जिथे काही नव्हतं तिथे. मला त्या पाहण्याचा राग यायचा. कुणावर राग काढावा हे मात्र कळायचं नाही, कारण जिने तिची वाट बंद केली तिनेच आम्हाला वाचवलं होतं.

एक गोष्ट मी लक्षात ठेवली आहे. गल्लीतल्या सगळ्या त्या बाजेवर निजून गेल्या. मालकीणबाई कधी निजल्या नाहीत. गुडघे त्यांचेही दुखायचे. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, "मला न्हाई सोसत." त्यांना सगळं माहीत होतं, असं मला वाटतं, आणि त्यांनी ते आपल्या माळेखाली ठेवून दिलं.

माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरीच आले. आत्याने तीच बाज मांडली, या वेळी खऱ्या कारणासाठी. खालून धग येऊ लागली, ओवा तडतडला, सुंभ तापला, आणि त्या तापलेल्या सुंभातून, इतक्या वर्षांनी, एक पुसटसा, खारट, मेदट वास वर आला. मी मान वळवून आत्याकडे पाहिलं. ती निखारे सारखे करत होती. "गप निज," म्हणाली. मग पेटीतून तिने ते झबलं काढून मुलीच्या अंगात घातलं. मलमल पिवळी पडली होती, हिरवा दोरा तसाच होता. काठी टेकत बघायला आलेल्या मालकीणबाईंनी झबल्याची कड बोटांत धरली, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलं का न्हाई कामी?" दोघी म्हाताऱ्या मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की पोरगी जागी झाली.

आत्या एका श्रावणात गेली. ती बाज आणि एक गोधडी मी हिंगोलीला आणली. आता घर माझं आहे, गच्ची माझी आहे, दार माझ्या हाताने लागतं. कुणाची अट नाही. गेल्या हळदीच्या दिवसांत मी मांस आणलं. हातभर लांब, बोटभर जाड. मीठ, ओली हळद, आंबाडी. गच्चीवर बाज, खाली तार, गोधड्या, बाभूळ, तुराट्या. ओवा मात्र टाकायचा नाही असं ठरवलं होतं. आता कुणापासून लपवायचं? तिला आयुष्यभर ज्याची आठवण येत होती ते, कशाचाही आडोसा न घेता, निदान एकदा व्हावं, असं मनात होतं. पट्ट्या छान उतरल्या. मी एक कापून तोंडात टाकली, आणि ती चव अनोळखी होती. चांगली होती. पण तिच्यात आत्या नव्हती.

उरलेल्या पट्ट्यांवर मी पुन्हा झाकण घातलं, निखारे फुंकले आणि डब्यातून मूठभर ओवा घेऊन गोधडीखाली हात घातला. हात तिथे क्षणभर थांबला. आत्याला जे आठवत होतं ते मला कधीच कळणार नाही. मला आठवतं ते फक्त तिने त्याच्यावर घातलेलं पांघरूण, आणि ती गेल्यावर काळाने माझ्यासाठी तेवढंच उबदार ठेवलं आहे.